वर्गातली बडबड

कानाच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंची नजर वहीत, लक्ष समोरच्या बाकावर. तिथं एक शिक्षिका आणि नववीतली मुलगी बसल्या होत्या. मुलीची मैत्रीण आत तपासणीला गेली होती.

“जूनपासून डोकं खाल्लंस माझं. म्हणून तर तुला तिच्याशेजारून उठवलं.”

“बाई, तुम्ही शिकवलेलंच तिला पुन्हा सांगत होते. तिला ऐकू येत नाही ना.”

“मग तेव्हा का नाही बोललीस? एरवी तर तोंड मिटत नाही!”

“तिनं शपथ घातली होती.”

“बरं. कानाला मशीन लागलं की बस पुन्हा शेजारी. कर हवी तेवढी बडबड.”

“ती नाही यायची, बाई. सहामाहीत नापास झाली तेव्हाच म्हणाली, शाळा बास.”

“तरीच तू हल्ली वर्गात गप्प असतेस.”

“बोलू कुणाशी?”