शिंगाळ्याच्या तोंडात

मानसी : पुन्हा शिंगाळा! बाबा, हा तिसरा. जिताडा मिळेल म्हणून मला पनवेलहून बोलावलंत आणि सकाळपासून नुसती मिशीवाली मंडळी भेटतायत.

सोमा : हलू बोल गो. मासं बिचकतात.

मानसी : बिचकू देत. त्यांनाही कळू दे, कापडे गावचा माणूस आलाय म्हणून. उभा जन्म नदीच्या डोहात गळ टाकला आणि आता साठीला आल्यावर समुद्राच्या खडकावर!

सोमा : ही पन सावित्रीच हाय. आपल्या पोलादपुराकडनंच येते नि हितं समुद्राला मिळते. मी काय परमुलखात नाय आलो.

मानसी : पाणी आपोआप येतं. तुम्ही पहाटेची एसटी पकडून, महाडला गाडी बदलून येता. दर रविवारी.

सोमा : दर रविवारी? कोन बोललं तुला?

मानसी : बुद्धरत्न.

सोमा : तुझा भाऊ कंपनीत मशीन चालवतो का माझी हजेरी घेतो?

मानसी : दोन्ही करतो. आधी या पाहुण्याचं बघा, तडफडतोय.

सोमा : हात लावू नको! तीन काटे हायत त्याला. दोन बाजूला नि एक पाठीवर. लागला तर तीन दिस ठणकत बसशील. फडकं दे. हां... असा धरायचा, काट्यांच्या मागनं. गळाची गरी फिरवून काढायची, ओढायची नाय. जा बाबा, आपल्या घरी जा.

मानसी : नदीत असला शिंगटा मिळाला की वाडीभर सांगत फिरायचात. आणि इथे हा नकोसा झाला?

सोमा : खायाला वाईट नाय गो. पन आज तुझ्यासाठी जिताडा पायजे. शिंगाळा टाळायचा तर चारा तळाला जाऊ द्यायचा नाय. तो तळ हुंगत फिरतो. दोरीला बूच बांधायचं, चारा तळापास्नं हातभर वर ऱ्हायला पायजे. मंग चिंबोऱ्या पन खात नायत.

मानसी : मग सकाळपासून बूच का नाही बांधलंत?

सोमा : तू बोलतेस ना सारखी. ध्यान कुठं लागतंय.

मानसी : माझ्या बोलण्याने तुमचं ध्यान जायला लागलं, म्हणजे काहीतरी आहे. बरं, अजून काय करायचं?

सोमा : कोळंबी लावायची नाय. कोळंबीच्या वासावर अख्खा गाव गोळा होतो. शिंगाळा येतो, पाकट येतं. तो पोट फुगवनारा केंड तर दोरीच कातरून जातो. त्यापरीस जिवंत बोय मासळी लावायची, चांगली वीतभर. नि गरी मोठी. बारक्यांच्या तोंडात मावतच नाय. मंग ज्याची वाट बघतोय तोच येतो.

मानसी : कोणी शिकवलं एवढं?

सोमा : असंच. हितली माणसं सांगतात.

मानसी : माणसं.

सोमा : हां.

मानसी : ही माणसं लुगडं नेसतात का हो?

सोमा : तुझी दोरी बघ गो! ढिली पडलीय.

मानसी : पडू दे. बाबा, मी दोरी बघायला नाही आले. बुद्धरत्नचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, बाबा लग्न करायचं म्हणतायत. खाडीवरच्या कोणी जानकीबाई आहेत. मी चिडून नाही म्हटलं. तर म्हणाले, ठीक आहे, तुझ्या ताईला विचारतो, ती पण नको म्हणाली तर विषय संपला." याला पंधरा दिवस झाले. त्या पंधरा दिवसांत तुम्ही मला चार फोन केलेत. काय विचारलंत चारही वेळा?

सोमा : काय?

मानसी : "नळाला पाणी येतं का?"

सोमा : येतं का मंग?

मानसी : बाबा!

सोमा : चारा खाल्ला बघ तुझा. आन इकडं, दुसरी बोय लावून देतो. ह्या खेपेला बूच पन बांधतो. हां, टाक. लांब टाक.

मानसी : टाकला. काल वीर स्टेशनवर मला घ्यायला आलात. म्हटलं रिक्षात बोलाल, तर रिक्षावाल्याशी भाताच्या बियाण्यावर बोललात. आज म्हटलं एसटीत बोलाल, तर झोपलात. झोपलात कसले, सोंग होतं ते. मला कळतं.

सोमा : शाळा चुकवायला तू पन तसंच पडायचीस.

मानसी : मग बापाचाच गुण तो! ...खरं सांगू? मला लग्नाचा राग नाही आला. राग याचा आला की घरातली गोष्ट मला सगळ्यांत शेवटी कळली. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. पण तुम्ही विचारलंच नाहीत, तर मी हो म्हणू कशाला आणि नको म्हणू कशाला?

सोमा : मानसे, तुझी दोरी!

मानसी : विषय बदलू नका.

सोमा : अगो, खरंच दोरी! बूच बुडालं बघ!

मानसी : अरे बापरे! ओढतोय! बाबा, जोरात ओढतोय!

सोमा : धरून ठेव! जरा ढिल दे... आता घे. वजन बघ त्याचं! जिताडाच हाय! खडकाच्या अंगाला आन, घाई करू नको...

मानसी : बाबा.

सोमा : काय?

मानसी : मिशा आहेत.

सोमा : नीट बघ.

मानसी : नीटच बघतेय. मिशीवाला जिताडा असतो का?

सोमा : च्यायला, चवथा! बूच बांधून पन? थांब, थांब, बाहेर काढू नको त्याला. गरी तोंडात नायच हाय. बाजूच्या पराला अडकलीय. त्यानं चारा खाल्लाच नाय, जाता जाता गुतला. ह्या डबक्यात घे, पान्यातच ऱ्हाऊ दे.

मानसी : हा बाकीच्यांसारखा नाही दिसत. गालफडं बघा कशी फुगलीत. आणि तोंड गच्च मिटलंय.

सोमा : दाबू नको त्याला. तोंडात अंडी हायत.

मानसी : अंडी? तोंडात? खाल्लीत की काय त्याने?

सोमा : खाल्ली नायत, सांभाळलीत. हा नर हाय. मादी अंडी टाकते नि जाते. मंग हा ती तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं होऊन पवायला लागंस्तवर. जरा फट पडली बघ... दिसली? गोट्यांएवढी असतात.

मानसी : दिसली. पिवळी पिवळी. आणि मग हा खातो काय?

सोमा : खात नाय. दीड-दोन म्हयने कायच खात नाय. खायाला गेला तर पोरंच पोटात जायाची. जानकी सांगते...

मानसी : माणसं सांगतात!

सोमा : ...जानकी सांगते, असा गावला तर तिचा बाप हात जोडून सोडायचा. बोलायचा, ह्यो घरचा करता हाय.

मानसी : आणि मला वाटत होतं, तोंडात मूग भरून बसणारे जगात फक्त तुम्हीच.

सोमा : मला नको त्याच्या पंगतीला बसवू.

मानसी : का नको? आई गेली तेव्हा मी बारावीला होते, बुद्धरत्न आठवीत. तुम्ही आंबेनळी घाटातनं रस्त्याचं काम करून यायचात, भात शिजवायचात, भाकऱ्या थापायचात, आम्हाला वाढायचात आणि म्हणायचात, "मी मघाशीच जेवलो." एकदा तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी टोपावरचं झाकण काढून बघितलं होतं.

सोमा : तुला काय करायचं होतं टोप उघडून?

मानसी : खाली चार शितं होती, बाबा. आणि तुम्ही अंगणात बसून ढेकर दिल्यासारखं करत होतात.

सोमा : ढेकर खराच होता. पानी पन पोट भरतं.

मानसी : मी तेव्हा काहीच बोलले नाही. लाज वाटली. अजून वाटते.

सोमा : येडी हायस. पोरांनी त्याची लाज धरायची नसते. चल, सुरी दे, गरीचा दोर तोडतो. ओढून काढली तर हा तोंड उघडंल नि सगळी अंडी भाईर पडतील. हां. सुटला बघ.

मानसी : पिल्लं निघून गेल्यावर काय करतो हा?

सोमा : मंग खातो की. लय खातो बोलतात. भुकेलेला असतो ना.

मानसी : खातो ना? नक्की?

सोमा : नायतर जगंल कसा? त्याचा उपास पोरांपायी, जल्माचा थोडाच हाय?

मानसी : सोडा त्याला. हळू... गेला. तोंड मिटलेलंच होतं ना?

सोमा : मिटलेलंच होतं.

मानसी : बरं झालं. आता तुम्ही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. माझं लग्न होऊन पाच. बुद्धरत्न स्वतःच्या पायावर उभा आहे. आम्ही दोघंही केव्हाच पोहत लांब गेलो, बाबा. आता तरी तोंड उघडा.

(सोमा सुरी खाली ठेवतो.)

सोमा : मानसी, मला जानकीशी लगीन करायचं हाय. तू हो बोललीस तर.

मानसी : जमलं की! एवढ्यासाठी चार शिंगाळे काढावे लागले.

सोमा : हसू नको गो. मी काय पोरासारखा नादावलो नाय. सांजच्याला घरात कोन बोलायला नसतं. मी टीव्हीशी बोलतो. परवा त्या बातम्यावाल्या बाईला इचारलं, च्या घेतेस काय.

मानसी : मग? काय म्हणाली?

सोमा : बोलली, छोट्याशा विश्रांतीनंतर.

मानसी : बाबा, तुम्ही ना...! हसवू नका, मला रडू येतंय. भेटल्या कुठे त्या?

सोमा : महाडला. वीस मार्चला, चवदार तळ्याच्या तिथं, भोजनदानाच्या मांडवात. मी कांदं कापत होतो. ती मागनं आली नि बोलली, "दादा, कांदं कापताय का दरड फोडताय?"

मानसी : तुम्ही तीस वर्षं घाटात दरडीच उपसल्यात, हे ठाऊक होतं त्यांना?

सोमा : कुठनं ठाऊक असनार? म्हनून तर मी हसलो. इतका हसलो की कांद्यावर सुरी ऱ्हायली नि बोटावर चालली. मंग तिनंच पट्टी बांधली.

मानसी : पण पहिल्याच वाक्याला "दादा" म्हणाल्या, हे काही बरं नाही झालं.

सोमा : दुसऱ्या वर्साला सुधारलं तिनं.

मानसी : दुसऱ्या वर्षाला! म्हणजे दोन वर्षं तुम्ही...

सोमा : घाई कशाला करायची? ती महाडला शाळेच्या वसतिगृहात सैपाकाला होती. नवरा जाऊन लय वर्सं झाली, पोरबाळ नाय. औंदा काम सुटलं, मंग हितं माहेरच्या घरी आली. वर पाखाडीच्या पायऱ्या चढून गेलं की तिसरं घर. आनि मला काय बोलली ठाऊक हाय? "सोमा, पोरांना आधी इचारा. ती नाय बोलली तर मी रडनार नाय, नि तुमी पन कुढत बसायचं नाय. रविवारचं मासं धरायला यायचं ते मात्र बंद करू नका."

मानसी : समजा मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही खरंच ऐकलं असतंत?

सोमा : ऐकलं असतं.

मानसी : आणि मला कधी बोलूनही दाखवलं नसतंत.

सोमा : दाखवून काय करायचं?

मानसी : हेच ते! म्हणून तुमचा राग येतो. ऐका आता. मी हो म्हणतेय. मनापासून म्हणतेय. वाईट वाटायचं ते अजून थोडं वाटेल, ते माझं मी बघेन. बुद्धरत्नशी मी बोलते.

सोमा : तो भडकंल.

मानसी : भडकेल आणि मग पत्रिकेत माझं नाव पहिलं का म्हणून भांडेल. ओळखते मी त्याला. पण एक सांगते, मी त्यांना आई नाही म्हणणार.

सोमा : नको बोलू. तिनं पन तेच सांगितलंय. पोरांच्या तोंडात जबरदस्तीनं काय घालू नका बोलली.

मानसी : मावशी म्हटलं तर चालेल?

सोमा : चालंल म्हंजे? पळंल! ...काय गो, डोळं कशाला पुसतेस?

मानसी : खारा वारा आहे. तुमचे पण पुसा. आणि त्यांना फोन लावा. इतक्या लांब येऊन मी न भेटता परत जाऊ काय?

सोमा : आता? आज? पन जिताडा तर गावला नाय. हात हलवत कसं जायचं?

मानसी : जिताडा नाही, तर पोरगी घेऊन येतोय म्हणावं. लावा फोन.

सोमा : लावतो, लावतो. ...हां, हॅलो, जानकी. मी हाय. नाय, नाय गावला. सगळे शिंगाळेच. बूच बांधलं होतं गो, उगाच नको बोलू! ऐक. मानसी हाय संगती. हां... हां, झालं बोलून. ती... हो बोलली. हॅलो? जानकी? ऐकतेस ना? ...बरं. बरं. येतो दोघं जेवायला. काय? थांब, इचारतो. मानसे, घरात बांगडं हायत तिच्याकडं. ती इचारते, तुझी आय कालवनाला वाटान कसं करायची? तसंच करते बोलते.

मानसी : नको. त्यांना सांगा, आईसारखं करू नका. त्यांच्या हाताला जसं येतं, तसंच करू देत.