काकाने खांद्याला लावलेलं तेल

सगळी चूक माझ्या काकाची. पोळ्यात तोरणाखाली पहिला मान त्याच्या बैलजोडीचा, म्हणून गावात त्याला कोणी शहाणपण शिकवायचं नाही.

मी गुजरातेत तेलविहिरीवर कामाला होतो. ड्रिलिंगच्या टाकाऊ चिखलातून काढलेल्या तेलाची बाटली घरी दाखवायला आणली.

"चिखलातून तेल? कसं काय बे?"

"भट्टीत तापवला का तेलाची वाफ होते. वाफ थंड केली का हे तेल."

काकाने वास घेतला, बोटांत चोळून पाहिलं. "जमिनीच्या पोटातलं! लय ताकद असंल याच्यात."

"डिझेल हाय काका, चिखलात आम्हीच मिसळतो. अंगाले लावू नका."

"शाळा सोडलेला पोट्टा मले शिकवून राह्यला!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना त्याने तुपाऐवजी तेच चोळलं. सकाळी दोन्ही बैलांच्या खांद्यांवर फोड.

पहिला मान दुसऱ्याच्या जोडीला गेला. काकाला तो अजून परत मिळालेला नाही.