पाय काढल्यावरही चालणारं इंजिन

मव्हं नाव रंगनाथ. आम्ही मूळचे मेंढरंवाले, तीर्थपुरीच्या अल्याडचे. वडलांपतोर मेंढरंच होती, आता थोडी जमीन हाय, ती भाऊ बघतो. मला लहानपणापासून इंजिनाचा नाद. शेजारच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, ते फुटफुट करायला लागलं की मी मेंढरं सोडून तिथं जाऊन उभा राह्यचो, आन् मेंढरं शिरायची लोकाच्या ज्वारीत, मंग वडील मारायचे. पण शेवटी त्यांनीच म्हन्लं, बाबा तुझं मन ह्याच्यात न्हाई, जा जालन्याला आन् इंजिनच शिक. काय सांगू तुम्हाला, त्यांचे पाय धरावेत असं हे काम त्यांनी केलं. घरातला एक हात कमी झाला, तरी मला सोडलं.

जालन्यात रहीमचाचा भेटले, माझे उस्ताद. पेट्रोलात हवा मिसळणारा कार्बोरेटर त्यांनी डोळे झाकून खोलावा. पुढं इंजेक्शनच्या गाड्या आल्या, म्हंजी पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कव्हा टाकायची, हे सगळं एक कॉम्प्युटरची डबी ठरवून राह्यली. चाचा म्हन्ले, रंगा, मेरे हाथ को ये डब्बा समझता नहीं, तू सीख ले, मेरे जैसा बैठ नको. त्यांनीच मला पुण्याला धाडलं, शर्यतीची इंजिनं बांधणाऱ्या एका ग्यारेजात. दोन वर्षं काढली तिथं. हाताचं काम आलं, पण डबीतले आकडे बदलायचं सगळं इंग्रजीत, आलेख आन् तक्ते, तिथं मही गाडी अडायची.

ती अडचण सुमननं काढली. सुमन म्हंजी मही बायको, अंबडची, बारावी सायन्स. घनसावंगीत ग्यारेज टाकलं तव्हा ती डबा घेऊन आल्ती, मी लॅपटॉपपुढं डोकं धरून बसलेलो. ती म्हन्ली, अहो सरका जरा. आन् सरकलो ते सरकलोच. मी इंजिन ऐकायचं, तिनं आकडे वाचायचे, असं आमचं ठरून गेलं. लोक आधी हसले, बाई ग्यारेजात कामून बसती म्हणून. हसू द्या.

तर भास्करदादा म्हणून आमच्याकडंचेच एक, घरची मोठी शेती, पण जीव गाडीत. तिकडं दक्षिणेत शर्यती होतात, त्येच्यासाठी त्यांनी एक जुनी लहान गाडी आणली. आम्ही तिच्यात रेसचा कॅम बसवला. कॅम म्हंजी झडपा उघडझाक करणारा दांडा. रेसचा कॅम झडपा जास्त वेळ उघड्या ठेवतो, त्यामुळं वर, मिनिटाला सात-साडेसात हजार फेऱ्यांना, इंजिन छाती भरून श्वास घेतं. पण खाली, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आन् गाडी नुसती उभी हाय, ज्याला आम्ही आयडल म्हणतो, तिथं त्याला तेच जड जातं. कधी सातशे, कधी दीड हजार, असं धापा टाकतं.

सुमन म्हन्ली, अहो आधी हे खालचं नीट करू. मी म्हन्लं, शर्यतीची गाडी हाय, उभी करायला आणली का? ती म्हन्ली, थांबा. मी न्हाई थांबलो. चुकलं महं, सरळ सांगतो.

गावाबाहेर एक नवा रस्ता झाल्ता, वाहतूक चालू व्हायची होती, तिथं गाडी नेली. मी चालवून राह्यलो, सुमन बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन. वरचं इतकं सुरेख जमलं की काय सांगू, साडेसात हजाराला बिलकुल अडखळ न्हाई, मी खुशीत ओरडलो. आन् पुढं वळण आलं म्हणून पाय काढला, क्लच दाबला, तर फेऱ्या खाली आल्या त्या येतच राह्यल्या आन् इंजिन बंद. वळणापलीकडं मेंढरं. सगळा रस्ता भरून मेंढरं, आन् मधी एक म्हातारा. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा दाबला तर दगड. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवरच ब्रेकला जोर मिळतो, इंजिन मेलं की पेडल कडक होतं, स्टेअरिंगबी जड. दोन्ही हातांनी ओढून गाडी खाली सोयाबीनात घातली.

मेंढरू एकबी गेलं न्हाई. मला खरचटलंबी न्हाई. सुमनचा उजवा हात समोर आदळला आन् मनगट मोडलं. म्हातारा पळत आला, मला वाटलं आता काठी घालतो, मी हात जोडले, म्हन्लं बाबा चुकलं. तो म्हन्ला, माझ्या पाया मंग पड, आधी बाईला बघ. डोक्याचा पटका सोडला त्यानं, काठीचा तुकडा लावून सुमनचा हात बांधला, मोडल्या मेंढराचा पाय बांधावा तसा, अगदी हळू. मोठ्या रस्त्यापतोर संग आला, जीपमधी बसवलं, मंग गेला. नाव विचारायचंबी मला सुधरलं न्हाई. त्या माणसाला मी रोज आठवतो.

दवाखान्यात भास्करदादा आले. मी म्हन्लं, दादा, गाडी दुसरीकडं न्या, माझ्याच्यानं न्हाई होणार. ते म्हन्ले, गाडीचं सोडा, वहिनीचं काय म्हणतात डॉक्टर? आन् जाताना म्हन्ले, दुसरीकडं नेली तर तेबी वरचंच बघतील, तुम्हाला आता खालचं कळलंय. बोला, अशी माणसं कुठं भेटतात?

मंग आठ दिवस गाडी दारात उभी ठेवून फक्त आयडल. सुमन प्लास्टर गळ्यात अडकवून, डाव्या हाताच्या एका बोटानं आकडे टाकायची. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली, अहो हे बघा, इंजिन चुकत न्हाई, डबीला खोटं कळून राह्यलंय. बराबर होतं. इंजिन किती हवा ओढतं ते मोजून डबी पेट्रोल सोडती, आन् ह्या कॅमनं खालची ओढच थरथरती, म्हणून डबी कधी जास्त सोडायची, कधी कमी. मंग खाली ती ओढ बघायचीच न्हाई, ॲक्सिलरेटर किती दाबलाय आन् फेऱ्या किती हैत, त्यावर पेट्रोल द्यायचं, असं केलं. आयडल अकराशेला नेलं. फेऱ्या पडायला लागल्या की ठिणगी जरा आधी, वाढल्या की जरा उशिरा, म्हंजी इंजिन स्वतःला सावरून घेतं. ब्रेकला ओढ साठवणारी वेगळी टाकी बसवली, म्हंजी इंजिन मेलं तरी ब्रेक लागावा. वरची ताकद जरा कमी झाली, होऊ दिली.

परत त्याच रस्त्यावर गेलो, पण दोन्ही टोकाला दादांची माणसं लाल फडकं घेऊन उभी. सुमनला म्हन्लं तू न्हाई बसायचं. ती म्हन्ली, आकडे कोण बघणार, तुम्ही? बसली. चाळीस वेळा वर नेऊन पाय काढला. चाळीस वेळा गाडी अकराशेवर येऊन थांबली. एकेचाळीसाव्यांदा मला रडू आलं, तर ती म्हन्ली, अहो पुढं बघा.

शर्यतीत दादा चौथे आले. पहिले न्हाई. फोनवर म्हन्ले, रंगनाथराव, पुढची गाडी गरकन फिरली माझ्यासमोर, मी जागीच उभी केली, आन् इंजिन चालूच होतं, वहिनीला सांगा. मी फोन तिच्याच हातात दिला.

आता परभणी, बीडकडून गाड्या येतात. फोन आला की पहिलं विचारतात, म्याडम हैत का? मला लई बरं वाटतं. चाचांना आता नीट दिसत न्हाई, तरी एकदा आल्ते, बॉनेटवर हात ठेवून ऐकत बसले, आन् उठताना सुमनच्या डोक्यावर हात ठेवून गेले. थंडीत तिचं मनगट दुखतं, तव्हा चहा मी करतो. एवढ्या लोकांनी सांभाळलं मला, ह्याच्यापेक्षा काय मागावं.

ती आत बसली हाय, एका गाडीचे आकडे लावून राह्यली. तुम्हाला भेटायचं म्हणून हाक मारली तर म्हणंल, थांबा जरा. तर थांबू आपण. बसा निवांत, देव तुमचंबी बरं करो.