पोहायला शिकवणाऱ्या इसमाचा कागद

मी, घरीदारी ‘मास्तरीणबाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय ५१ वर्षे, धंदा : परदेशी पोलिसांकडून येणाऱ्या कागदांचे भाषांतर (कंत्राटी), राहणार : जुन्या छापखान्यामागे, तिसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

ता. ३ रोजी सकाळी साडेदहाला पोलीस मुख्यालयातल्या माझ्या टेबलावर एका परदेशी पोलिसांचे इशारापत्र आले. मुलांवरील अत्याचारासाठी दोनदा शिक्षा भोगलेला एक इसम, पेशाने पोहण्याचा शिक्षक, आपल्याकडे येत आहे, लक्ष ठेवावे, असा मजकूर होता. बाराच्या आत मी भाषांतर तिथल्या आमच्या साहेबांच्या हातात दिले.

आमच्याकडची पद्धत अशी की, इसमाने येताना जो पत्ता लिहून दिला, त्याच हद्दीच्या ठाण्याला कागद जातो. याने हॉटेलचा पत्ता दिला होता. ठाण्याने हॉटेलात चौकशी केली, इसम दुसऱ्याच दिवशी निघून गेल्याचे कळले आणि कागद परत आला. नवा पत्ता नाही, म्हणून घोडे अडले. मी दोनदा विचारले. साहेब म्हणाले, “मास्तरीणबाई, तुम्ही भाषांतर करा. नसत्या भानगडीत पडू नका.”

ता. १२ रोजी दुपारी माझी भाची घरी आली. ती नदीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. बोलता बोलता म्हणाली, “मावशी, आमच्या मुलींना पोहायला शिकवायला परदेशातले सर आलेत. पण तलावावर जायचं म्हटलं की आता एकेकीचं पोट दुखतं.” मी सरांचे नाव विचारले. तेच निघाले. मजकूर मला पाठ होता. मी तिथल्या तिथे वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना फोन करून सगळा सांगितला. त्यांनी तासाभरात त्याला फाटकाबाहेर काढले आणि तुमच्या ठाण्याला कळवले.

गुप्तता पाळण्याच्या करारावर माझी सही आहे. ती मी नाकारत नाही. साहेबांनी माझ्याविरुद्ध केलेली तक्रारही खरी आहे. हे रागाच्या भरात घडले का, असे मला विचारण्यात आले. राग आला होता, अजून आहे, पण फोन मी शुद्धीत केला. जी गोष्ट दोन देशांच्या पोलिसांना आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला कळते, ती मुली सांभाळणाऱ्या बाईंना कळू नये? उद्या असा कागद आला तर पुन्हा हेच करीन. कंत्राट गेले तर गेले.

ता. ३ ते १२ या काळात त्या इसमाने आठ मुलींना सहा वेळा तलावावर नेले. या वाक्याची इथे गरज नाही, असे लिहून घेणाऱ्या हवालदारांचे म्हणणे पडले. ते घातल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. आता जबाब मला वाचून दाखवला आहे, ते वाक्य त्यात आहे, म्हणून सही करते.