बुवांचं खाकरणं

भांडुपला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक नंबरची वाट बघत होते.

"बाबा, रविवारी कीर्तनात पेटीवर बसायचं की नाही, ते डॉक्टर आज ठरवणार. माझं ॲप लावून रियाज केलात ना?"

"केला गं अक्षता. लॅपटॉपचा कॅमेरा टक लावून बघतच असतो."

"पाठ वाकली की टाळ वाजतो, तेव्हा ताठ व्हायचं ठरलं होतं. तुम्ही तर आणखी वाकायचात!"

"अगं, टाळ ऐकला की मला वाटायचं, साथ आली. मग मी रंगात यायचो."

"वाट लागली! म्हणून परवा आवाज बदलला. बुवांना मुद्दाम मोबाइलमध्ये खाकरायला लावलं."

"तरीच! बुवा खाकरले म्हणजे आता निरूपण. माझे हात आपोआप थांबले, मी सरळ बसलो."

"किती वेळा?"

"अकरा. तासभर वाजवलं, पण कंबर दुखली नाही गं."

"मग हेच डॉक्टरांना सांगायचं, काय?"

"चंद्रप्रकाश परब!" आतून हाक आली. गुडघ्यांवर हात न टेकता ते उठले आणि आत गेले.

मी अक्षताला विचारलं, "रविवारचं कीर्तन किती वाजता आहे गं?"