व्हिडिओचा शिक्का

आपल्या बेपत्ता मुलाचं प्रकरण बंद का केलं, हे बुकारामांगा शहरातल्या सरकारी कचेरीत कुणी सांगेना, म्हणून एदेल्मिरा बाहेर येऊन अरेपाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, गाडीपुढच्या रांगेत उभी राहिली. मागे दुवान आणि फार्ली, लोक पुराव्याच्या फायली चढवतात ते कचेरीचं पोर्टल सांभाळणारे दोघे.

"आवाजाच्या फाइलला आपल्या कोड लायब्ररीने व्हिडिओ ठरवलं?" दुवानने विचारलं.

"अरे, त्या जातीच्या फाइलमध्ये नुसता आवाजही असू शकतो, व्हिडिओही. उघडून बघायला वेळ लागतो, म्हणून सरसकट व्हिडिओचा शिक्का."

"मग तपासणाऱ्याला काय दिसलं?"

"काळा पडदा. कॉम्प्युटरला स्पीकर कुठेत त्यांच्या? 'चित्रात काही नाही' लिहिलं, प्रकरण बंद."

"दुरुस्त केलंस ना, शहाण्या?"

"एका ओळीचं काम. यापुढे बरोबर लागेल."

"आणि आधीच्या फायली?"

"पुसल्या. बंद प्रकरणं जागा खातात."

एदेल्मिरा वळली. "पोरा, माझं प्रकरणही असंच बंद झालं; ती आवाजाची फाइल माझ्या फोनमध्ये आहे. माझ्या येइसनने त्यात पुलाचं नाव सांगितलंय, जिथे त्याला गाडीतून उतरवलं. ही घे, चढव."

दुवानने फार्लीकडे पाहिलं.

"सेन्योरा, बंद प्रकरणात नवीन फाइल चढत नाही," फार्ली म्हणाला.

"का?"

"तसंच बनवलंय."