टाकीतला चौथा मासा

आमगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, कीर्तनाला अजून अवकाश होता, म्हणून मी मासे दाखवणाऱ्या तंबूत शिरलो. वाळू-पाचोळ्याच्या एका टाकीवर पाटी होती, 'यात तीन मासे आहेत. शोधा.' रांगेत माझ्यापुढे मासेमारी करणारे एक ढिवर म्हातारा-म्हातारी होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतरचा काळा चष्मा होता.

"काढा जी चष्मा. डॉक्टर हो म्हणला ना."

"काढतो. पन मासा नाई दिसला तं जाळं भावाले देऊन टाकतो."

"पाहा तं आधी."

"टाकी रिकामी आहे, फुलवंता."

"घाई काऊन करता? तलावात मासा कसा पाहत होते?"

"मासा कोन पाहते वो? वाळू पाहा लागते... थांब. तेथं वाळू श्वास घेऊन राहिली. वाम आहे, नाक तेवढं बाहेर. पानाखाली मरळ. दगडाले चिपकून एक."

"झाले तीन!"

"चार. मुळीच्या आड बारकी मरळ आहे."

"बाबा, तीनच आहेत," म्हणत तंबूवाला वाकला. "अरे, सच में! इसको मरा समझके मैंने बोर्ड बदल डाला!"

"फुलवंता, उद्या जाळं काढून ठेवजो."

"ठेवते जी. चला आता, बाहेर टाळ वाजून राहिले. महाराज उभे झाले असतीन."

"थांब. तुले किती दिसले?"

"मले? मले तं वाळूच दिसली."

"मंग डोळ्याच्या पुढच्या कॅम्पाले तुहा नंबर. माह्यासारखी रडजो नोको, मी हात धरून नेतो."